खेळती हवा : एका छोट्या होडीची गोष्ट

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावाआधी 'व्याख्याते' असा शब्द छापलेला पाहून आमच्या घरी सगळे हसले. आम्ही सरकारी नोकर माणूस. पदविका घेतली, खात्यात चिकटलो आणि गेली वीस-बावीस वर्षे मोजमापवही आणि अंदाजपत्रके यांतच गेली. कालच्या वक्त्यांनी ज्ञानेश्वरीवर इतके सुंदर निरूपण केले आणि आज आम्ही होडीच्या केबिनमध्ये हवा कशी खेळवावी यावर बोलणार, म्हणजे केशरी भातानंतर ताटात सुकी भाकरी. पण सचिवांनी गळ घातली. शिवाय या विषयात सांगण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या प्रत्येकाच्या घरापर्यंत येते. ती शेवटी सांगू.

बोलायला एकटे उभे असलो तरी होडी चौघांची आहे, चुका चौघांच्या आहेत. म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही'च म्हणू.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचे आजोबा-पणजोबा वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडीकडून गोव्यात आले. इथल्या ज्येष्ठांपैकी काहींनी मुंबई-गोवा बोटीचा प्रवास केलेला आहे. त्यांना आठवत असेल, आगबोटीच्या डेकवर मोठाल्या भोंग्यांसारखे वाकडे नळ उभे असत. लहानपणी आम्हाला ते कर्णेच वाटायचे. ते कर्णे नव्हते. खालच्या मजल्यावर दाटीवाटीने बसलेल्या माणसांना वारा पोचवणारे ते नळ होते. आजचे भाषण त्या वाकड्या नळाबद्दल आहे असे समजा.

सात वर्षांपूर्वी आम्ही चौघा मित्रांनी मिळून एक जुनी शिडाची होडी घेतली. चोवीस फुटी, फायबरची, एक डोलकाठी, दोन शिडे आणि पुढच्या निम्म्या भागात एक बसकी केबिन. आत ताठ उभे राहता येत नाही, वाकून वावरावे लागते. दोन्ही बाजूंना झोपण्याची फळी, नाळेकडे तिकोनी बिछाना, दाराजवळ शेगडी. होडीवर पैसा फार गेला नाही, पण घरच्यांच्या बोलण्याचा धनी व्हावे लागले. एका वहिनींनी विचारले, "एवढ्या पैशांत गाडी आली नसती का?" आली असती. पण गाडीतून मांडवीवरचा सूर्यास्त तसा दिसत नाही.

इथे थोडे अवांतर, पण अभिमानाचे. आपल्या दिवाडी बेटावरच्या कारखान्यात 'म्हादेई' ही छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली गेली आणि २००९-१० मध्ये तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. २०१२-१३ मध्ये त्याच नौकेवरून अभिलाष टॉमी यांनी कुठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली. 'तारिणी'ही दिवाडीचीच. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जगाला फेरी मारून आल्या. त्यांच्या पराक्रमापुढे आमचे दोनापावलापर्यंत जाऊन येणे म्हणजे अंगणातली फुगडी. पण बंद केबिनमधली ओल आणि कोंदट हवा हा प्रश्न छप्पन्न फुटी नौकेला आहे तसाच चोवीस फुटीलाही आहे.

पहिल्या पावसाळ्यात आमची पहिली चूक झाली. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि पुष्कळ होड्या वर ओढून ठेवतात. आम्हीही होडी वर काढली. नवी कोरी निळी ताडपत्री आणून ती अशी गच्च आवळली की पाण्याचा थेंब आत जाणार नाही. आमच्यातला एक जण तर दोऱ्यांच्या गाठींचे फोटो काढून सगळ्यांना पाठवत होता. शेजारी एक वयस्क खारवी माडाच्या झावळ्यांनी आपली होडी शाकारत होते. दोन्ही टोके त्यांनी उघडी ठेवली होती. आमचे बांधकाम पाहून ते एवढेच म्हणाले, "होड्याक वारें लागूंक जाय." आम्ही मान हलवली आणि आणखी एक गाठ मारली.

नारळी पौर्णिमेला ताडपत्री सोडली. केबिनचे दार उघडले आणि चौघेही दोन पावले मागे आलो. गाद्यांवर हिरवी-काळी बुरशी, छताच्या कापडावर बुरशी, समुद्राचे नकाशे एकमेकांना चिकटलेले, प्लायवूडच्या कपाटाची कडा फुगून पापुद्रे सुटलेले. आत पावसाचा एक थेंबही गेला नव्हता. मग एवढे पाणी आले कुठून?

पदविकेला असताना शिकलेले थोडे उष्णताशास्त्र तेव्हा बाहेर काढले. हवेत मुरलेले पाणी हवेच्या तापमानावर अवलंबून असते. ३५ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ४० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात राहू शकते. २५ अंशांना ते २३ ग्रॅमपर्यंत खाली येते. आमच्या केबिनमध्ये हवा आहे आठ घनमीटर. दिवसा पाऊस थांबून ऊन पडले की ताडपत्रीखालची ओलसर हवा ३५ अंशांपर्यंत तापायची, रात्री २५ वर उतरायची. हिशेब करा : घनमीटरमागे १७ ग्रॅम, म्हणजे आठ घनमीटरमागे सव्वाशे ग्रॅमच्या वर. दर रात्री पेलाभर पाणी छताला आणि भिंतींना दवासारखे धरायचे. दिवसा त्याची पुन्हा वाफ, रात्री पुन्हा पाणी. दोन महिने तेच पाणी आत फिरत राहिले, कारण बाहेर जायला वाटच नव्हती. आम्ही पाऊस बाहेर ठेवला आणि ओल आत कोंडली.

माणसे आत झोपली की आणखी भर पडते. झोपलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी सोडतो. चार माणसे, आठ तास, म्हणजे सव्वा लिटरच्या वर. शेगडी पेटवली की गॅस जळून वाफ होते. १०० ग्रॅम गॅस जाळला तर दीडशे ग्रॅमहून अधिक पाणी हवेत जाते, भाताच्या आधणाची वाफ वेगळी. आणि मीठ! समुद्राच्या पाण्याने भिजलेली गादी उन्हात वाळल्यासारखी वाटते, पण तिच्यातले मीठ रात्री हवेतली ओल पुन्हा ओढून घेते. पावसाळ्यात आपल्या घरी मिठाच्या बरणीत पाणी सुटते, तसेच. म्हणून खाऱ्या पाण्यात भिजलेले कापड आधी गोड्या पाण्यात खळबळून घ्यायचे आणि मग वाळवायचे. नुसते वाळवून उपयोग नाही, हा आमचा पहिला धडा.

आता उपाय. नोकरीच्या सवयीने आम्ही आधी इमारतीचे नियम काढून बसलो. राष्ट्रीय इमारत संहितेत उष्ण-दमट हवेच्या प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश उघडी जागा खिडक्यांना असावी असे सांगितले आहे. आमच्या केबिनची जमीन सहा चौरस मीटर. म्हणजे एक चौरस मीटर खिडकी हवी. होडीच्या डेकला एवढे भोक पाडले तर ती होडी राहणार नाही, टोपली होईल. लाट वरून येते, पाऊस वरून येतो. होडीत भोके थोडी आणि लहान असणार. मग त्यांतूनच पुरेसा वारा कसा न्यायचा?

घरात गरम हवा वर चढून कौलांच्या फटींतून जाते. जुन्या घरांचे उंच छप्पर त्याचसाठी. पण होडीत उंची जेमतेम दीड मीटर. आम्ही हिशेब केला : आत-बाहेर पाच अंशांचा फरक धरला तरी त्या उंचीवर मिळणारा दाब ०.३ पास्कल. याउलट ताशी अठरा किलोमीटरची साधी झुळूक समोरून आली तर तिचा दाब १५ पास्कल, म्हणजे पन्नासपट. घराला उंची तारते, होडीला वाराच तारतो. म्हणून आधी वारा होडीत कुठून शिरतो आणि कुठून जातो हे पाहायचे ठरवले.

त्यासाठी आम्ही वापरलेले यंत्र आपल्या सगळ्यांच्या देवघरात आहे. उदबत्ती. एका संध्याकाळी होडी नांगरली. नांगरलेली होडी नाळ वाऱ्याकडे करून उभी राहते. पुढचे झाकण म्हणजे हॅच थोडे उघडले, मागचे दार उघडे ठेवले आणि एकाने केबिनभर उदबत्ती फिरवली. आमचा अंदाज होता की वारा पुढून येतो तर धूर मागे जाईल. धूर गेला पुढे! मागच्या दारातून हवा आत येत होती आणि पुढच्या झाकणाच्या फटीतून बाहेर जात होती. तीनदा करून पाहिले, तिन्ही वेळा तेच.

कारण शोधल्यावर पटले. वारा नाळेवरून केबिनच्या पाठीवर चढताना वेग घेतो आणि तिथला दाब कमी होतो, म्हणून पुढच्या फटीतून हवा ओढली जाते. केबिनच्या मागे, जिथे आपण सुकाणू धरून बसतो, तिथे वाऱ्याचा भोवरा होतो. वारा उलटा वळतो आणि दारातून आत शिरतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिची गरज लागणार आहे.

एवढे कळल्यावर आम्ही चार कामे केली.

पहिले काम डोराड पेटीचे. आगबोटीवरच्या त्या वाकड्या नळाचे हे धाकटे भावंड. ऑलिन स्टीफन्स या बावीस वर्षांच्याही आतल्या अमेरिकी तरुणाने 'डोराड' नावाची शर्यतीची नौका आखली. ती १९३० मध्ये पाण्यात उतरली आणि १९३१ साली अटलांटिक पार करण्याची शर्यत आणि इंग्लंडची फास्टनेट शर्यत, दोन्ही जिंकली. तिच्यावरच्या हवेच्या पेट्यांमुळे हे नाव पडले. रचना अगदी सोपी. डेकवर एक लाकडी पेटी. पेटीच्या एका टोकाला वर वाकडा नळ. दुसऱ्या टोकाला केबिनमध्ये उतरणारा नळ, पण त्याचे तोंड पेटीच्या तळापासून तीन-चार बोटे वर. लाटेचे पाणी वाकड्या नळातून पेटीत पडते आणि तळाच्या कडेला ठेवलेल्या भोकांतून डेकवर वाहून जाते. हवा मात्र वळसा घालून आत उतरते. आपल्या तुळशीवृंदावनाला पाणी जाण्यासाठी ठेवलेली खोबण आठवा, तोच विचार.

आम्ही सोळा इंच लांब, आठ इंच रुंद, सहा इंच उंच अशा दोन पेट्या सागाच्या फळ्यांच्या केल्या. नळ तीन इंची घ्यावा की चार इंची यावर आठवडाभर वाद झाला. तीन इंची स्वस्त आणि दिसायला नाजूक. पण नळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. चार इंची नळ तीन इंचीपेक्षा पावणेदोनपट हवा नेतो. हवेचा वेग सेकंदाला एक मीटर धरला तर चार इंची नळातून तासाला सुमारे २८ घनमीटर हवा जाते, तीन इंचीतून १६. एका माणसाला तासाला पंचवीस-तीस घनमीटर ताजी हवा असावी असे धरतात. म्हणजे चार इंची नळ एका माणसाचा. हे सूत्र पाठ करायला सोपे म्हणून वाद मिटला.

एक सूचना. होडीचे डेक आतून पोकळ नसते. फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये हलक्या लाकडाचा थर असतो. भोक पाडून तसेच नळ बसवले तर त्या लाकडात पाणी मुरते आणि काही वर्षांत डेक पायाखाली दबू लागते. भोकाच्या कडेचे लाकूड बोटभर कोरून काढायचे, ती जागा इपॉक्सीने भरायची, वाळल्यावर घासायची आणि मगच स्क्रू मारायचे. आम्ही हे दुसऱ्या भोकापासून केले. पहिले भोक नंतर दुरुस्त केले.

दुसरे काम दाराचे. मागच्या दाराच्या फळीऐवजी तिरप्या पट्ट्यांची फळी केली, जुन्या घरांच्या खिडक्यांना असते तशी. पाऊस बाहेर, वारा आत, आणि कुलूपही लागते.

तिसरे काम कापडाचे. पुढच्या झाकणावर उभे करायचे एक कापडी नाळके, इंग्रजीत त्याला विंडस्कूप म्हणतात. शिडाच्या जहाजांवर खालच्या मजल्यात वारा न्यायला असेच कापडी सोंड वापरत. समोरचा वारा पकडून ते सरळ आत ढकलते. आमच्यातल्या एकाच्या आईने छत्रीच्या कापडाचे ते आपल्या शिवणयंत्रावर शिवून दिले. वय ७४. मागचे टाके पाहून त्या म्हणाल्या, "शिडाला लागेल तेवढा जोर याला लागणार नाही ना? मग माझे टाके पुरेत." अजून एक टाका निसटलेला नाही. उन्हाळ्याच्या रात्री याच्याइतका आराम कशानेच मिळत नाही. डासांची जाळी मात्र झाकणावर ताणून लावू नका, वारा निम्मा होतो. तंबूसारखी सैल, मोठी जाळी वरून सोडा. जाळीचे क्षेत्रफळ वाढले की वारा अडत नाही.

चौथे काम बारीकसारीक. गाद्यांखाली काथ्याच्या चटया घातल्या, म्हणजे गादी आणि फळी यांच्यामध्ये हवा फिरते. कपाटांच्या दारांना वर आणि खाली भोके पाडली. एकाच जागी भोक पाडून हवा फिरत नाही, यायला एक आणि जायला एक अशी दोन हवीत. सौरपट्टीवर चालणारा एक छोटा पंखा छतात बसवला. होडीवर कोणी नसतानाही तो हवा बाहेर फेकत राहतो.

पुढच्या पावसाळ्यात होडी झावळ्यांखाली ठेवली, टोके उघडी, पेट्या उघड्या, गाद्या घरी. नारळी पौर्णिमेला दार उघडले तर आत फक्त जुन्या लाकडाचा वास. त्या वयस्क खारव्यांना आम्ही नारळ दिला. ते हसले, काही बोलले नाहीत.

इथे भाषण संपले असते तर बरे झाले असते. पण जे सांगायला उभे राहिलो ते आता येते.

त्यानंतरच्या डिसेंबरात, शनिवारी संध्याकाळी, आम्ही होडी घेऊन नदीत मुक्कामाला गेलो. चौघे मित्र आणि आमच्यातल्या एकाचा अकरा वर्षांचा मुलगा. होडीची बॅटरी उतरली होती. दिवे आणि गाणी यांसाठी एक छोटे पेट्रोलचे जनित्र आणले होते. ते आम्ही मागे, सुकाणूच्या पलीकडे, अगदी काठावर ठेवले. उघड्यावर आहे, धूर वाऱ्यावर जाईल, अशी सगळ्यांची खात्री. थंडी होती म्हणून कापडी नाळके लावले नव्हते, ते घडी करून ठेवले होते. डेकवरचे दोन्ही वाकडे नळ आम्ही मागे तोंड करून वळवले होते. नळाची पाठ वाऱ्याकडे असली की तो हवा बाहेर ओढतो. उदबत्तीच्या प्रयोगाने शिकवले होते की हवा मागून पुढे जाते, म्हणून आम्ही तिला मदत केली होती. जेवणे झाली. मुलगा आत जाऊन झोपला. आम्ही बाहेर गप्पा मारत बसलो.

दीडएक तासाने एक जण पाण्याची बाटली आणायला आत वाकला आणि तसाच मागे आला. म्हणाला, डोके गरगरतेय. त्या क्षणी आमच्यातल्या कोणाला तरी उदबत्ती आठवली. कोणाला, यावर अजून एकमत नाही. धावून मुलाला हलवले. तो उठेना. डोळे अर्धे उघडले, काहीतरी पुटपुटला आणि पुन्हा मान टाकली. जनित्र बंद केले, त्याला उचलून नाळेवर मोकळ्या वाऱ्यात आणले. तिथे त्याला उलटी झाली. छोट्या होडीतून काठ, तिथून गाडी, तिथून इस्पितळ. डॉक्टरांनी रक्त तपासले आणि रात्रभर प्राणवायू लावला. सकाळी तो "भूक लागलीय" म्हणाला तेव्हा त्याचा बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता.

काय झाले होते? जनित्राच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो हवेपेक्षा किंचित हलका, जवळजवळ हवेइतकाच, म्हणून हवा जाईल तिथे जातो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. साध्या हवेत श्वास घेत राहिलो तर तो निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिला तर एक-दीड तासात निम्मा होतो. म्हणून अशा माणसाला 'मोकळ्या हवेत बसव, बरे वाटेल' म्हणून थांबायचे नाही, इस्पितळात न्यायचेच.

आणि तो आत गेला कसा? आम्हीच नेला. केबिनमागचा वाऱ्याचा भोवरा, तिरप्या पट्ट्यांचे दार, मागे वळवलेले नळ, सगळे आम्ही केले तसे चोख चालले. हवा उत्तम खेळत होती. फक्त ती जनित्राजवळून येत होती. हवा फिरते की नाही हे आम्ही दोन वर्षे पाहिले. ती कुठून येते हे एकदाही विचारले नाही.

दोष कोणाला द्यायचा? जनित्र चांगले होते, होडी चांगली होती. चौघांपैकी दोघे तांत्रिक शिक्षण घेतलेले. उदबत्तीचा धूर कुठे जातो ते डोळ्यांनी पाहिलेले. तोच रस्ता जनित्राच्या धुराचाही असणार, एवढा साधा दुवा जोडला नाही. त्यानंतर तीन महिने होडीवर कोणी गेले नाही. त्या मुलाच्या आईने आम्हाला एकही शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरे वाटले असते.

तेव्हापासून आमचे नियम आहेत, ते दाराच्या आतल्या बाजूला रंगवून ठेवले आहेत. जनित्र होडीवर येणार नाही. इंजिन चालू असताना कोणी आत झोपणार नाही, वाकडे नळ पुढे तोंड करून ठेवायचे आणि पुढचे झाकण वाऱ्याकडे उघडायचे, म्हणजे हवा पुढून येऊन मागे जाईल. शेगडी पेटवण्याआधी दोन वाटा उघड्या करायच्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड आहे, गळला तर होडीच्या तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचे भोक तळाला हवे आणि ते बाहेर उघडायला हवे. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन उलट हलका, त्याचे भोक वर हवे. आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी घंटी बसवली आहे. दर महिन्याला तिचे बटण दाबून आवाज ऐकायचा, हे काम त्या मुलाकडे आहे. तो ते कधी चुकवत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट. आपल्यापैकी होडी कोणाकडे फारशी नाही. पण न्हाणीघरात गॅसचा गीझर बऱ्याच घरांत आहे. छोटी खोली, थंडीत बंद केलेली खिडकी, डास येतात म्हणून झरोक्याला लावलेला पुठ्ठा, आणि आत जळणारा गॅस. आमच्या केबिनहून ती खोली लहान. गीझर जळायला लागला की खोलीतला प्राणवायू कमी होतो, ज्वाला नीट जळत नाही आणि तोच वायू तयार होतो. आंघोळीला गेलेला माणूस बाहेर आलाच नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. आपण हळहळतो आणि पान उलटतो. गीझर बाहेरच्या भिंतीवर बसवून पाणी आत घेता येते. ते जमत नसेल तर झरोका उघडा आणि दाराखाली फट, यायला एक आणि जायला एक. बादल्या भरून घ्या, गीझर बंद करा, मग आंघोळ करा. एवढे आज रात्री घरी जाऊन पाहा.

दुसरे, आपल्या मंडपाचे. वीज गेली तर लागणारे जनित्र दरवर्षी मखराच्या मागे, पडद्याच्या पलीकडे असायचे, आवाज येऊ नये म्हणून. यंदा सजावटीआधी आम्ही मंडपात उदबत्ती फिरवली. कार्यकर्त्यांना वाटले पूजा सुरू झाली. धूर मखराच्या मागून सतरंजीकडे, म्हणजे मुले बसतात तिकडे येत होता. जनित्र आता कुंपणाबाहेर, वाऱ्याच्या उतरत्या बाजूला आहे. वायर चाळीस फूट जास्त लागली. खजिनदारांनी ते बिल न कुरकुरता मंजूर केले, त्याबद्दल त्यांचे जाहीर आभार.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, सुकाणू धरतो. आज तो इथेच मागच्या रांगेत आहे. नाव सांगायचे नाही अशी त्याची अट आहे, म्हणून सांगत नाही.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले, आम्हालाही कळते. कोणाला डोराड पेटी कशी करतात ते पाहायचे असेल तर एक नमुना पुस्तकांच्या टेबलाशेजारी ठेवला आहे. त्यात पाणी ओतून पाहायला मुलांना परवानगी आहे, खाली बादली ठेवली आहे.

 गणपती बाप्पा मोरया!